कारवानी क्रॉस कुत्री फ्लॅटमध्ये सांभाळताना

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. सांगोल्याकडच्या नातेवाइकांच्या शेतावरून आणलेली ११ महिन्यांची कुत्री, बाप कारवानी, आई गावठी, वजन १८ किलो. फासळ्या दिसतात म्हणून सोसायटीतले लोक "उपाशी ठेवता का" असं विचारतात. मांजर दिसलं की ती पट्ट्यातून मान काढून पळते, हाकेला परत येत नाही. झोपेत हात लावला तर गुरगुरते. पॅकेटमधलं खाणं हुंगून सोडून देते. आणि शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय: तिला शेतावर परत सोडून यावं का?

मी पशुवैद्य आहे. सोलापूर, सांगली, लातूर भागातून आणि सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या मुधोळकडून आलेली कारवानी आणि त्यांची क्रॉस पिल्लं गेली अनेक वर्षं माझ्या टेबलावर येतात. तुमच्या पत्रात तिच्या आजाराचं किंवा हट्टीपणाचं एकही लक्षण मला दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की ही नजरेने शिकार करणाऱ्या जातीची कुत्री आहे आणि घरातले सगळे तिला लॅब्रेडॉरच्या मापाने मोजताहेत. ती धाव तिच्यातून शिकवून काढता येत नाही. तिला सुरक्षित वाट करून देता येते, आणि ते फ्लॅटमध्येही जमतं.

आधी क्रॉसबद्दल. बाप कारवानी आहे म्हणून ती सगळी बापासारखीच निघेल असं धरून चालू नका. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून केलेला अभ्यास आला होता. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. म्हणजे "कारवानी माणसाळत नाहीत", "गावठी फार भुंकतात" ही वाक्यं तुमच्या कुत्रीला लावू नका. तिच्याकडे बघा. पण शरीर मात्र बापाचं आलेलं आहे हे तुम्ही केलेल्या वर्णनावरून कळतं: खोल छाती, वर ओढलेलं पोट, लांब मान, निमुळतं डोकं, पातळ कातडी. आणि हलत्या वस्तूमागे सुटण्याची तिची तऱ्हाही त्याच घरातली आहे. या दोन गोष्टी धरून पुढचं सगळं सांगतो.

फासळ्यांचं पहिल्यांदा, कारण लोकांच्या बोलण्याने माणूस घाबरतो आणि नको तेवढं खायला घालतो. या बांध्याच्या कुत्र्यात शेवटच्या दोन-तीन फासळ्या अंधुक दिसणं, कमरेच्या हाडांची टोकं जाणवणं, पाठीच्या मणक्यांची ओळ हाताला लागणं हे निरोगी लक्षण आहे. तुम्ही फासळ्या मोजू नका, मांड्या बघा. मागच्या मांड्या आणि कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू भरलेले, घट्ट असतील तर कुत्री उत्तम आहे. मांडी हाताला सैल लागली, कपाळाच्या बाजूला डोळ्यांवर खळगे पडले, फासळ्या वरपासून खालपर्यंत सगळ्या दिसायला लागल्या, तर मात्र ती खरंच खंगतेय. तेव्हा खाणं वाढवण्याआधी शौचाची तपासणी आणि रक्ततपासणी करून घ्या. महिन्यातून एकदा वजन करा. तिला उचलून काट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा, तेवढं पुरेसं आहे. शेजाऱ्यांना समजवायचं असेल तर ही मांडीची गोष्ट दाखवून समजवा.

खाण्याचं. १८ किलोच्या, अजून वाढत असलेल्या, रोज पळणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण हजार ते बाराशे कॅलरी लागतात. गावाकडे या कुत्र्यांना ज्वारीची भाकरी आणि दूध मिळतं. त्यावर ती जगतात, पण प्रथिनं कमी पडतात. भाकरी बंद करू नका, तिला ती सवयीची आहे आणि पचते. रोज अंदाजे ३०० ग्रॅम बिनहाडाचं उकडलेलं चिकन, २ अंडी, २ मध्यम भाकऱ्या आणि थोडा वाफवलेला लाल भोपळा, एवढ्यात हजाराच्या आसपास कॅलरी होतात. वजन बघत भाकरी कमीजास्त करा. अशा घरच्या जेवणात कॅल्शियम हमखास कमी पडतं. अंड्याची टरफलं भाजून, मिक्सरमध्ये अगदी बारीक पूड करून रोज अर्धा लहान चमचा घाला, आणि एक जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण डॉक्टरांकडून लिहून घ्या. कोवळ्या वयात हाडांची वाढ चालू असते, म्हणून हे टाळण्यासारखं नाही. दुधाने पोट बिघडत असेल तर दही द्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं यातलं काहीही नाही. फोडणीची आमटी भाकरीवर ओतायची सवय अनेक घरांत असते, तिच्यात कांदा-लसूण असतो हे आजी-आजोबांना आवर्जून सांगा.

पॅकेटचं खाणं ती खात नाही म्हणून काळजी करू नका. द्यायचंच असेल तर त्यात चिकनचं बिनमसाल्याचं पाणी मिसळा. जेवण दोन वेळा विभागून, आणि जेवणानंतर तासभर तरी धावपळ नको. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म फुगलेलं, उलटीसाठी उबळ येते पण काही पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचा. सकाळची वाट बघायची नाही. तुमच्या भागात रात्री कुठला दवाखाना उघडा असतो हे आजच शोधून फोनमध्ये साठवून ठेवा.

आता मांजर आणि पट्टा. इथे जास्त वेळ घेतो, कारण अशी कुत्री शहरात मरते ती बहुतेक वेळा रोगाने नाही, रस्त्यावर गाडीखाली.

तिची मान डोक्याहून रुंद आहे. साधा पट्टा कितीही आवळला तरी ती उलट ओढून त्यातून डोकं काढणारच. ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंत आवळणारा आणि सैल सोडला की मोकळा होणारा रुंद कापडी मार्टिंगेल पट्टा घ्या, आणि त्याच्या जोडीला छातीच्या बंदामागे पोटाभोवती आणखी एक बंद येणारा हार्नेस (छाती-पाठीवर बांधायचा पट्टा). दोन्हींना दोरी जोडा. एकातून निसटली तरी दुसऱ्यात राहील. ती डबीत गुंडाळली जाणारी लांब दोरी मात्र मुळीच वापरू नका. ग्रेहाऊंड या अशाच बांध्याच्या परदेशी जातीची कुत्री ताशी ६० किलोमीटरच्या वर पळतात. तुमची त्यांच्याइतकी नसेल, पण पाच-सात मीटर धावून दोरी संपते तेव्हा तिच्या मानेला किंवा तुमच्या खांद्याला जो झटका बसतो, तो मी दोन्ही बाजूंनी पाहिलेला आहे. रोजच्या फेरीला दीड-दोन मीटरची साधी जाड दोरी पुरते.

हाकेला न येणं म्हणजे अवज्ञा नाही. मांजर पळायला लागलं आणि ती सुटली की त्या क्षणी तुमचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून शिकवायचं ते सुटण्याच्या आधीच्या दोन सेकंदांसाठी. ते दोन सेकंद तुम्हाला ओळखता आले पाहिजेत: कान उभे होतात, मान ताठ होते, एक पाय किंचित उचलला जातो, नजर खिळते, तोंड मिटतं. या वेळी बोलावलं तर ती अजून ऐकू शकते.

शिट्टी घ्या. आवाज रोज सारखा येतो आणि त्यात तुमची घबराट ऐकू येत नाही. पहिले काही दिवस फक्त घरात: शिट्टी वाजली की लगेच चिकनचा तुकडा, तिने काही केलेलं असो वा नसो. मग दुसऱ्या खोलीतून. मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये. मग पहाटे रिकाम्या मैदानावर १० मीटरच्या लांब सुती दोरीवर, हार्नेसला बांधून. एका पायरीवर दहातून नऊ वेळा उडी मारत येत नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. सगळ्यात शेवटी दूरवर बसलेलं मांजर, आणि ते दिसताक्षणी, म्हणजे त्या दोन सेकंदांत, शिट्टी. तिने मान वळवून तुमच्याकडे बघितलं की त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं खाणं तिला तिथेच द्या. परत आल्यावर कधीही रागवू नका, ती अर्ध्या तासाने आली तरी. रागावलात तर परत येण्याचीच तिला धास्ती बसेल.

एवढं करूनही तिला उघड्या जागी दोरीशिवाय सोडू नका. शिट्टी हा विमा आहे, दोरीला पर्याय नाही. कारवानी शिकत नाहीत असा मात्र अर्थ काढू नका. भारतीय सैन्याच्या मेरठच्या केंद्रात २०१६ पासून मुधोळ हाऊंडना, म्हणजे कर्नाटकात याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारवानींना, प्रशिक्षण दिलं गेलं आहे. ही कुत्री शिकतात, पण ओरडा आणि मार यांनी शिकत नाहीत. पट्ट्याला झटके देणारा, काठी उगारणारा ट्रेनर कोणी सुचवला तर त्याला घरात घेऊ नका. या कुत्र्यांचा विश्वास एकदा गेला की ती माणसापासून लांब राहायला लागतात, आणि ते भरून काढायला महिने लागतात.

चुकून सुटलीच तर तिच्यामागे धावू नका, तुम्ही तिला गाठणार नाही आणि ती आणखी पुढे जाईल. उलट दिशेला चार पावलं पळा, खाली बसा, शिट्टी वाजवा. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा आणि मायक्रोचिपही घालून घ्या. दिवाळीच्या आठवड्यात दुप्पट सावध राहा. फटाक्याला बिचकून सुटलेली अशी कुत्री काही मिनिटांत दोन वस्त्या ओलांडते. त्या दिवसांत फिरवणं पहाटेच उरकायचं आणि संध्याकाळी दारं-खिडक्या लावून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून, आतल्या खोलीत तिच्याजवळ बसायचं. भीती फार असेल तर डॉक्टरांकडून आठवडाभर आधीच औषध ठरवून घ्या.

तुमचा तिसरा मजला माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून आत्ताच लिहितो. बाल्कनीच्या कठड्यावर कबुतर बसलं की ही कुत्री खालची उंची बघणार नाही. बाल्कनीला आणि ग्रिल नसलेल्या प्रत्येक खिडकीला वरपर्यंत जाळी लावून घ्या. ती लागेपर्यंत बाल्कनीचं दार बंद.

आता धावेला वाट. तिला दिवसभर पळायला लागतं हा गैरसमज आहे. अशी कुत्री थोडाच वेळ पण जीव तोडून पळतात आणि बाकी दिवस लोळून काढतात, त्यामुळेच ती फ्लॅटमध्ये चांगली राहतात. सकाळी ४० मिनिटं हुंगत हुंगत चालणं, संध्याकाळी तेवढंच. हुंगू द्या, घाईने ओढत नेऊ नका. आणि आठवड्यातून तीनचार वेळा मनसोक्त धाव. त्यासाठी चारही बाजूंनी भिंत असलेली जागा शोधा: शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन, ओळखीच्यांचं कुंपण घातलेलं शेत. भिंत सहा फुटांची असावी, कारण चार फुटांचं कुंपण ती सहज उडून जाईल. तशी जागा नसेल तर बांबूच्या काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला जुनी चिंधी बांधा. काठी जमिनीलगत गोल फिरवायची, चिंधी सशासारखी पळते आणि ती तिच्यामागे. दहा मिनिटांत तिची धावण्याची भूक भागते. दर दोन-तीन फेऱ्यांनी चिंधी तिच्या तोंडात पडू द्या. कधीच सापडत नसलेल्या गोष्टीमागे धावायला लावलं तर ती शांत होण्याऐवजी चिडचिडी होते. गुळगुळीत फरशीवर हा खेळ नको, माती किंवा गवतावरच. हाडांची वाढ पुरी व्हायची आहे, तेव्हा उंच उड्या मारायला लावू नका.

मार्च ते जून उन्हं वर आली की पळवणं बंद. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर तिच्या तळव्यांनाही टेकवत नाही. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, पाय लटपटतात, असं झालं तर साध्या गार पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेचं मात्र उलट आहे: अंगावर चरबी नाही, केस तोकडे. तिला अंगात घालायला काहीतरी लागेलच.

झोपेतल्या गुरगुरण्याबद्दल घरात वाद आहे असं तुम्ही लिहिलंय. ती आक्रमक नाही. गाढ झोपेत अचानक हात लागला की दचकून गुरगुरणं या प्रकारच्या कुत्र्यांत बरंच दिसतं, आणि परक्यांनी अंगाला हात लावलेला कारवान्यांना तसाही आवडत नाही. गुरगुरल्याबद्दल तिला शिक्षा करू नका. ती तुम्हाला आधी सांगतेय, आणि ते सांगणं बंद पडलं तर उद्या न सांगता चावेल. झोपलेली असेल तर लांबून नाव घ्या, डोळे उघडू द्या, मग जवळ जा. तिची जागा येण्याजाण्याच्या वाटेत नको. कोपऱ्यात जाड गोधडी दोन घड्या करून घाला. उघड्या फरशीवर झोपून या कुत्र्यांच्या कोपरांना घट्टे पडतात, पुढे तिथे पाणी साठून गाठ होते. घरात लहान मूल असेल तर गोधडीवर असताना कुत्रीला हात लावायचा नाही, हा नियम मुलाने आणि पाहुण्यांनीही पाळायचा. पाहुणे आले की तिला त्यांच्यासमोर ओढून आणू नका, ती स्वतःहून जाईल तेव्हा जाईल. आणि एवढं सगळं करूनही, जागी असताना ठरावीक जागी हात लावल्यावरच गुरगुरत असेल, तर ते दुखणं आहे. तपासायला आणा.

दवाखान्याचं. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की ही कारवानी क्रॉस आहे. कारण असं: ग्रेहाऊंड आणि तिच्या नात्यातल्या जातींचे रक्ताचे आकडे इतर कुत्र्यांपेक्षा वेगळे येतात. लाल पेशींचं प्रमाण जास्त, थायरॉइडचा टी-४ कमी, आणि प्लेटलेट कमी. इतर कुत्र्यांत प्लेटलेट बहुधा दोन लाखांच्या वर असतात, ग्रेहाऊंडमध्ये दीड लाखाच्या खालीही निरोगी आकडा असू शकतो. आता आपल्याकडे गोचीड-ताप किती आहे ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यातल्या एर्लिकिया या जंतूच्या आजाराची पहिली खूण म्हणजे प्लेटलेट घसरणं. म्हणून ती ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. पुढे कधी ताप आला तर तिचा स्वतःचा नेहमीचा आकडा काय होता हे डॉक्टरांना समोर दिसेल, आणि उगाच औषध सुरू होणार नाही किंवा खरा आजार निसटणारही नाही. खाणं सोडलं, ताप आहे, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, पोटावर निळे-लाल ठिपके, लघवी गडद, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी तपासणी.

गोचीड बाराही महिने असतो. महिन्याला द्यायची किंवा १२ आठवडे चालणारी गोळी मिळते. तिला कधी फिट आली असेल तर गोळीआधी तसं सांगा. रेबीजची लस दरवर्षी, बाकीचं एकत्रित इंजेक्शनही डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, आणि त्यात लेप्टोस्पायरोसिस आहे ना हे पावसाळ्याआधी विचारून घ्या. जंतांचं औषध तीन महिन्यांनी. कातडी पातळ असल्याने काटेरी तारेवर किंवा बाभळीवर फाटते. लहान दिसणारी जखमही आतून सुटलेली असू शकते, हळद भरून घरी ठेवू नका.

नसबंदी करा, पण पहिली पाळी येऊन गेल्यावर अडीच-तीन महिन्यांनी, वाढ पुरी होऊ दे. भूल देण्याआधी दोन गोष्टी विचारा. थायोपेंटोन हे भुलीचं औषध वापरणार असतील तर दुसरं औषध घेता येईल का, कारण ग्रेहाऊंडच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडतं आणि त्यांना शुद्धीवर यायला कितीतरी वेळ लागतो. तुमच्या क्रॉसमध्ये तसं असेलच असं नाही, पण पर्याय उपलब्ध असताना जोखीम कशाला घ्यायची? आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तिला उबदार ठेवण्याची सोय आहे का, कारण चरबी नसलेलं शरीर टेबलावर पटकन गार पडतं.

महापालिकेकडे नोंदणी करून परवाना घ्या. सोसायटीत कोणी विचारलं तर लसीकरणाच्या कार्डासोबत तो दाखवता येतो.

आता शेतावर परत पाठवण्याचं. तिथे ती जास्त सुखी असेल असं वाटणं साहजिक आहे, आणि चांगलं सांभाळलेली कारवानी शेतावर मी पाहिली आहेत. पण मोकळी सोडलेली क्रॉस कुत्री शेजाऱ्याच्या करडाच्या मागे लागते, हमरस्त्यावर येते, नाहीतर कोणीतरी तिला सशाच्या शिकारीला नेतं, जो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि एव्हाना ती ज्यांना आपलं मानायला लागली आहे ते तुम्ही आहात. ही कुत्री एकदोन माणसांना धरून राहतात, फार मोठ्याने प्रेम दाखवत नाहीत, पण तुम्ही ज्या खोलीत असाल त्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन पडतात. तुमची कुत्री तसं करते हे तुम्हीच लिहिलंय. तिला ठेवा. या आठवड्यात फक्त मार्टिंगेल पट्टा, हार्नेस आणि बाल्कनीची जाळी एवढं करा. शिट्टी पुढच्या आठवड्यापासून, रक्ततपासणी महिन्याभरात. कोपराला सूज किंवा मांडीचा स्नायू उतरलेला वाटला तर ती उभी असताना मागून घेतलेला फोटो आणि वजन पाठवा, मी बघून सांगेन.